आधी हंडा, मग हिरवळ

पाऊस दगा देतो, तलावाचा तळ दिसू लागतो आणि मग नळाच्या पाण्यावर निर्बंध येतात. नळीने बागेला पाणी घालू नये, गाड्या धुऊ नयेत, अंगणात आणि रस्त्यावर पाणी मारू नये, पिण्याच्या पाण्यावर बांधकाम करू नये, अशा सूचना निघतात. सूचना निघाली की दोन प्रकारचे लोक बोलू लागतात. पहिले म्हणतात, "आम्ही पाणीपट्टी भरतो. नळ आमच्या दारातला, बाग आमची. आम्ही काय करावे हे सांगणारे तुम्ही कोण?" दुसरे म्हणतात, "आम्हाला बाग नाही, गाडी नाही, धड अंगणही नाही. प्यायलाच पुरत नाही, तिथे आम्ही बंदी पाळायची ती कशाची?"

पहिल्यांचा आवाज मोठा असतो. तो सभेत, कचेरीत, वर्तमानपत्रात ऐकू येतो. दुसऱ्यांचा आवाज नळावरच्या रांगेत विरून जातो. म्हणून हा प्रश्न रांगेच्या बाजूने पाहण्याची गरज आहे. आमचे मत आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. टंचाईच्या दिवसांत जे जे निर्बंध घातले जातात, त्यांत घराबाहेरच्या पाण्यावरचे निर्बंध सर्वांत न्यायाचे आहेत. कारण ते तहानेला हात लावत नाहीत, चैनीला लावतात. मात्र एक अट आहे. ते बंगल्याला, दुकानाला, सरकारी बागेला सारखेच लागू झाले पाहिजेत, आणि त्यातून वाचलेले पाणी खरोखरच हंड्यापर्यंत पोचले पाहिजे.

पांझरेपलीकडचे देवपूर

धुळे शहर पांझरेच्या काठावर वसले आहे. जुने धुळे दक्षिणेला आणि देवपूर उत्तरेला. देवपूरमध्ये महाविद्यालये आहेत, दवाखाने आहेत, नोकरदारांच्या कॉलन्या आहेत आणि त्यांच्या कडेकडेने कष्टकऱ्यांच्या वस्त्याही आहेत. शहराचे पाणी नकाणे आणि डेडरगाव या तलावांतून, तापीवरच्या योजनेतून आणि आता अक्कलपाडा धरणातून येते. स्रोत ऐकायला भरपूर वाटतात. तरीही धुळ्याच्या अनेक भागांनी वर्षानुवर्षे रोजचे पाणी पाहिलेले नाही. चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी नळ यायचा आणि त्यावर घराचा सगळा कारभार बेतायचा, हीच इथल्या गृहिणीची रीत झाली.

खानदेशात पाऊस मुळातच बेताचा. धुळ्याला वर्षाचा पाऊस सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास. त्यात एखादे नक्षत्र कोरडे गेले की बेत फसतो. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी शासनाने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धुळे आणि शिंदखेडा हे तालुके होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांची यादी निघाली, तिच्यातही शिंदखेडा, चाळीसगाव आणि नंदुरबार होते. म्हणजे दुष्काळ हा आपल्याकडे कधीतरी येणारा पाहुणा नाही. तो घर ठाऊक असलेला सावकार आहे. ठरल्याप्रमाणे दारात उभा राहतो.

आता नळ येतो त्या दिवसाचे चित्र पाहा. वॉलमन पाणी सोडतो. ज्याच्या घरी हौद आहे, वर टाकी आहे, नळाला मोटार लावलेली आहे, त्याचे पाणी पहिल्या अर्ध्या तासात भरून होते. मग हौद वाहू लागतो. पाणी चाललेच आहे, तर नळी घेऊन अंगण धुतले जाते, गाडी धुतली जाते, कुंपणाची मेंदी भिजते. त्याच वेळी लाइनच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या बाईच्या नळातून करंगळीएवढी धार येत असते. तिची घागर भरेपर्यंत पाणी बंद व्हायची वेळ होते. नळीतला दाब मोटारींनी ओढून घेतलेला असतो. एवढेच नव्हे, फुटक्या जोडातून गटाराचे पाणीही मोटारीच्या ओढीने लाइनमध्ये शिरते आणि शेवटच्या घरातले मूल हगवणीने आजारी पडते. वाचकहो, हा निसर्गाचा कोप नव्हे. ही माणसाने केलेली वाटणी आहे.

आणखी एक सवय आहे, आणि ती गरीब-श्रीमंत दोघांच्या घरी आहे. नवे पाणी आले की साठवलेले पाणी 'शिळे' म्हणून ओतून द्यायचे! चार दिवस झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी शिळे होत नाही. भाकरी शिळी होते, भाजी शिळी होते. पाणी तलावात महिनोन्महिने साठून असते आणि तेच आपण पितो. तरी नळ आला की २०० लीटरचे पिंप मोरीत रिकामे होते.

बोटावर मोजता येईल असा हिशेब

नुसते 'पाणी जपून वापरा' म्हणण्यापेक्षा हिशेब मांडलेला बरा. साध्या रबरी नळीतून मिनिटाला साधारण १० ते १५ लीटर पाणी जाते. दहा मिनिटे गाडी धुतली की १०० ते १५० लीटर गेले. तीच गाडी एका बादलीत फडके पिळून पुसली तर १५ लीटरमध्ये काम होते.

हिरवळीचे गणित याहून मोठे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लीटर. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद अशी हिरवळ उन्हाळ्यात जगवायची तर दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी लागेल. म्हणजे रोजचे ५०० लीटर.

आता ही संख्या दुसऱ्या संख्येशेजारी ठेवा. आपल्या राज्यात टंचाईग्रस्त गावाला टँकर लावताना माणशी दिवसाला २० लीटर पाणी धरले जाते. पिणे, स्वयंपाक, भांडी सगळे त्यात. म्हणजे नळीने धुतलेली एक गाडी पाच ते सात माणसांचे दिवसाचे पाणी पिऊन जाते. ती हिरवळ रोज २५ माणसांचे पाणी पिते. आणि 'शिळे' म्हणून ओतलेले पिंप दहा माणसांचे! हा हिशेब मांडल्यावर "बाग आमची आहे" हे उत्तर पुरेसे राहते काय? बाग तुमची असेल, पाणी तलावाचे आहे. तलाव कोणाच्या सात-बाऱ्यावर नाही.

बोअरचे काय? पुष्कळ जण म्हणतात, आम्ही बागेला बोअरचे पाणी घालतो, नळाचे नव्हे. पण जमिनीखाली कुंपण नसते. शेजारी खोल बोअर झाले की वस्तीतली हापशी कोरडी पडते, हे कोणाला सांगायला नको. महाराष्ट्राने १९९३ सालीच कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास मनाई केली. पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला. तात्पर्य एवढेच की भूजलही सर्वांचे आहे, हे तत्त्व कायद्याने मानलेले आहे. माणसांनी ते मानायचे बाकी आहे.

खानदेशाची जुनी शिकवण आणि तिची उणीव

पाण्यावर निर्बंध ही काही शहरातल्या साहेबांनी काढलेली नवी गोष्ट नव्हे. याच पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. शेतकऱ्याने स्वतः पाणी फोडायचे नाही. पाटकऱ्याने पाळीप्रमाणे द्यायचे. आणि पाणी कमी पडले तर? तर भिजवायचे क्षेत्रच कमी करायचे, एखादा फड कोरडा ठेवायचा. जवळजवळ प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे तोटा एकट्यावर पडत नसे. कपात सर्वांच्या वाट्याला येई. टोकाच्या शेतकऱ्याला उपाशी ठेवून वरच्याने ऊस पिकवायचा, हा प्रकार त्यात बसत नव्हता. आजच्या नळाच्या लाइनपेक्षा तो पाट शहाणा होता, असे म्हणावे लागते.

परंतु आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. फडातली समता ही ज्यांना जमीन होती त्यांच्यातली समता होती. ज्याच्याजवळ जमिनीचा तुकडाच नाही, त्याला त्या पाटात वाटा नव्हता. त्याने फार तर दुसऱ्याच्या शेतात राबावे. ही उणीव ओळखून १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातल्या माणसांच्या मापाने द्यायचे ठरले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात हक्क, आणि जास्त पाणी पिणाऱ्या उसाला बंदी. माणूस मोजा, मालमत्ता मोजू नका, हा त्या प्रयोगाचा गाभा. शहरातल्या नळालाही हेच माप लावले पाहिजे.

आणि आपल्या समाजाला तर पाण्याचा इतिहास सांगायला नको. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे सर्वांना खुली असावीत, असा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तो मान्य केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह चवदार तळ्यावर जाईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. न्यायालयातला अंतिम निकाल लागायला तर १९३७ साल उजाडले. महाडचा धडा पाणीवाटपाच्या प्रत्येक नियमाला लागू आहे. नियम कागदावर आला म्हणजे पाणी ओंजळीत आले असे होत नाही.

धंद्यांचे पाणी

बंदी घरांना, आणि धंद्यांना सूट, असा कारभार अनेकदा दिसतो. तो टिकत नाही, हे मोठ्या शहरांनी दाखवून दिले आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये पाऊस ओढला तेव्हा मुंबई महापालिकेने घरगुती पाण्यात २० टक्के आणि व्यापारी वापरात ५० टक्के कपात केली. धंद्याचा वाटा आधी आणि जास्त कापला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये क्रिकेटची मैदाने भिजवण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १३ एप्रिल रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. औरंगाबाद खंडपीठाने त्याच सुमारास मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या जल मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास, बागेस, कारंज्यांस आणि बांधकामास वापरल्यास ५,००० रुपये दंड ठेवला. दिल्लीने त्याच वर्षी मे महिन्यात नळीने गाडी धुणाऱ्याला आणि टाकी वाहू देणाऱ्याला २,००० रुपये दंड लावला.

दूर दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१८ पासून तिथे माणशी दिवसाला ५० लीटरची मर्यादा घातली गेली. नळाच्या पाण्याने बाग भिजवणे, गाडी धुणे, पोहण्याचे तलाव भरणे बंद झाले. सगळे नळ बंद करण्याचा दिवस जवळ आला होता, तो लोकांनी काटकसरीने टाळला. पण तिथल्या वस्त्यांतले गरीब लोक वर्षानुवर्षे सार्वजनिक नळावर बादल्या घेऊन उभेच होते. श्रीमंतांवर जी आपत्ती आली म्हणून जगभर बातमी झाली, ती गरिबांची रोजची रीत होती! देवपूर काय आणि केपटाऊन काय, रांग ओळखीचीच.

आता एक अवघड गोष्ट बोलायची आहे. बांधकामाला बंदी आली की बिल्डरचे काम दोन महिने लांबते, पण गवंड्याचा आणि बिगाऱ्याचा रोज त्याच संध्याकाळी बुडतो. गाडी धुण्याचे सेंटर बंद झाले की मालकाचा गाळा राहतो, फडके मारणाऱ्या पोराची चूल विझते. रोपवाटिकेतल्या बायांचेही तेच. हे हात बहुतेक आपल्याच वस्त्यांतले आहेत. म्हणून आम्ही सरसकट 'धंदे बंद करा' असे म्हणणार नाही. बंद करायचे ते पिण्याचे पाणी, काम नव्हे. सांडपाणी शुद्ध करून ते बांधकामाला आणि झाडांना द्यावे. स्लॅबवर पाण्याची नळी सोडून देण्याऐवजी आळी करून पाणी साठवावे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळावे. सिमेंट तेवढ्यावर पक्के होते. धुलाई सेंटरने एकदा वापरलेले पाणी गाळून पुन्हा वापरावे. आणि ज्याचा रोज तरीही बुडेल, त्याला टंचाईच्या कामांवर, गळती दुरुस्तीला, गाळ काढायला आधी घ्यावे. मजुराच्या पोटावर पाय देऊन वाचवलेले पाणी न्यायाचे होत नाही.

आपल्या घरी काय करता येईल?

दुसऱ्याला नियम सांगताना आपला उंबरठाही झाडला पाहिजे. आमच्या माता-भगिनींनी पुढील गोष्टी घरात सुरू कराव्यात. पुरुषांनी त्या बायकांवर ढकलू नयेत. पाणी भरण्याचे काम आधीच बायका-मुलींच्या डोक्यावर आहे. वाचवण्याचे तरी दोघांनी वाटून घ्यावे.

१. साठवलेले पाणी ओतून देऊ नका. नवे पाणी आले की आधीचे भांडी, कपडे, फरशी यांना वापरा आणि मगच पिंप भरा.

२. आठवड्यातून एकदा पिंप, हौद, कूलर कोरडे करून घासा. नाही तर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. कोरडे करताना निघालेले पाणी गटारात न घालता झाडाला घाला. पिंपावर घट्ट झाकण किंवा फडके बांधा.

३. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना द्या. साबणाचे पाणी संडासाला वापरा.

४. झाड जगवायचे तर सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर, तांब्याने, बुंध्याशी पाणी द्या. आळ्यावर पालापाचोळ्याचा थर घाला. रोपाशेजारी बुडाला बारीक भोक असलेले मडके पुरा, भोकात वात घाला आणि ते भरून ठेवा. दोन-तीन दिवस ओल राहते.

५. टंचाईत हिरवळ वाळू द्या. पाऊस आला की ती पुन्हा फुटते. कडुनिंब, चिंच, करंज यांसारखी मुरलेली झाडे थोड्या पाण्यावर तग धरतात. लहान रोपे मात्र मरू देऊ नका.

६. टाकीला बॉलकॉक बसवा. फुटक्या तोटीचा वायसर बदला. मोठा कूलर कोरड्या हवेत रात्रभरात तीन-चार बादल्या पाणी सहज ओढतो. तो म्हाताऱ्या माणसांच्या आणि बाळंतिणीच्या खोलीत असू द्या. रिकाम्या खोलीत चालवू नका.

७. नळाला थेट मोटार लावू नका. ते शेजाऱ्याच्या हंड्यातून उचलणे आहे.

चौदा एप्रिल ऐन टंचाईत येतो. त्या दिवशी चौकाचौकात पाणपोई हवीच. पण मिरवणुकीपुढे रस्ता धुणारा टँकर नको. तो टँकर वस्तीत उभा केला तर जयंतीला अधिक शोभेल.

मागणी आणि सूचना

पालिकेकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत, पण त्या टाळता येण्यासारख्या नाहीत. निर्बंध लावण्याआधी मोठ्या गळत्या बंद कराव्यात. फुटलेल्या जलवाहिनीतून ओढा वाहत असताना नागरिकाने बादली मोजायची, हे पटत नाही. कोणत्या भागाला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी, हे तक्ते वस्तीतल्या नळावर लावावेत. दंड पहिल्यांदा सरकारी कार्यालयाच्या हिरवळीला आणि मोठ्या हौदाला व्हावा. त्यानंतर लहानाकडे बोट दाखवावे. आणि वाचलेले पाणी लाइनच्या शेवटच्या टोकाला अर्धा तास जादा सोडून दाखवावे. लोकांना ते डोळ्यांनी दिसले, तर दंडाची पावती फाडण्याची वेळ फारशी येणार नाही.

देखरेख कोणी करायची? याचे उत्तर आपल्या घराघरांत असलेल्या ग्रंथात आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा सांगितला आहे. शाक्य संघ युद्धाला निघाला, तेव्हा सिद्धार्थ गौतमाने विरोध केला. त्याने सुचवलेला मार्ग अगदी साधा होता. दोघे आपले निवडावेत, दोघे त्यांचे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. त्या संघाने ते ऐकले नाही. आपण ऐकायला काय हरकत आहे? प्रत्येक पाण्याच्या लाइनवर कॉलनीतले दोन, वस्तीतले दोन आणि त्यांनी निवडलेला पाचवा, अशी समिती असावी. त्यात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, कारण नळाची वेळ त्यांच्याइतकी कोणाला पाठ नसते. पाणी किती वाजता सुटले, शेवटच्या घरी किती वाजता पोचले, याची वही या समितीने ठेवावी. ती वही घेऊन पालिकेत जाणारा माणूस रिकाम्या हाताने परत येणे अवघड आहे.

टंचाई सर्वांवर येते, पण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. बागेची नळी बंद करणे हा त्या भाराची वाटणी थोडी सरळ करण्याचा मार्ग आहे. ज्याच्याकडे बाग आहे त्याने ती आनंदाने बंद करावी. ज्याच्याकडे बाग नाही त्याने वाचलेल्या पाण्यातला आपला वाटा मागावा, आणि मागताना मान खाली घालू नये.